भिंतीवरील चित्र आणि कपाटांतील ग्रंथ



ता. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें आपल्या मराठी भाषेस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचें ठरविलें. ही वार्ता ऐकून महाराष्ट्रांत सर्वत्र आनंद झाला, व तो होणें योग्यच होतें. परंतु भाषेस मान मिळाला म्हणजे तिच्यांतील ग्रंथ आपोआप वाचले जातात असें मात्र नाहीं. मान दरबारांत मिळतो. वाचन घरांत व शाळेंत व्हावें लागतें. ज्या मुलानें ‘लीळाचरित्र’ हें नांव एका गुणाच्या प्रश्नासाठीं पाठ केलें, पण त्या ग्रंथाचें एकही पान उघडून पाहिलें नाहीं, त्याला ह्या मानाचा वांटा मिळाला असें कोण म्हणेल?

थोर ग्रंथ मुलांनीं वाचावेत ह्याविषयीं कोणाचें दुमत नाहीं. मतभेद आहे तो उपायाविषयीं. आमचा नेहमींचा उपाय म्हणजे उपदेश. डॉ. अब्दुल कलाम ह्यांचा जन्मदिवस १५ ऑक्टोबर हा २०१५ सालापासून आपल्या राज्यांत ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळला जातो. त्या दिवशीं व्हरांड्यांतून ‘वाचाल तर वाचाल’ अशीं अक्षरें झळकतात, भाषणें होतात, आणि दुसऱ्या दिवशीं कपाटाचें कुलूप पूर्ववत् लागतें. हेतु चांगला आहे. परंतु ‘भूक लागूं द्या’ असें सांगितल्यानें कोणास भूक लागत नाहीं. चुलीवरच्या पदार्थाचा वास नाकांत शिरावा लागतो. ‘वाचा’ म्हणणारा फलक कोणत्याच पुस्तकाचा वास देत नाहीं. कारण त्यावर कोणतेंच पुस्तक नसतें.

म्हणून माझें मत असें आहे कीं, प्रत्येक शाळेनें उपदेशाचे फलक उतरवून त्या जागीं एकेका थोर ग्रंथाचीं सचित्र भित्तिपत्रकें लावावींत. तीं विकत आणूं नयेत, तर तो ग्रंथ वाचलेल्या विद्यार्थ्यांनींच काढावींत. आणि ज्या ग्रंथाचें चित्र लागेल तो ग्रंथ त्याच दिवशीं हातीं मिळेल अशी व्यवस्था असावी. ह्या तीन गोष्टींपैकीं एकही सुटली तर बाकीचा खटाटोप व्यर्थ होय. असें कां, तें आतां सांगतों.

चित्रानें ग्रंथाकडे नेण्याची रीत आपल्याकडे नवी नाहीं. बुलढाणा ज्या डोंगररांगेवर वसलें आहे तिचेंच नांव अजिंठा. त्या रांगेंतील लेण्यांत बोधिसत्त्वाच्या जन्मकथा भिंतींवर रंगविल्या आहेत, हें आपण सर्व जाणतों. परंतु दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत एक विशेष आहे, तिकडे सहलीस जाणाऱ्यांचें लक्ष क्वचित् जातें. तेथें क्षांतिवादी जातकाच्या चित्राशीं आर्यशूर कवीच्या ‘जातकमाला’ ह्या संस्कृत ग्रंथांतील श्लोक रंगानें लिहिलेले आहेत. चित्र आणि ग्रंथाचे शब्द एकाच भिंतीवर! सुमारें दीड हजार वर्षांपूर्वीं आमच्याच डोंगरांत कोणा चितारानें हें काम करून ठेवलें आहे. ज्याला वाचतां येत होतें त्याला त्यानें शब्द दिले. ज्याला येत नव्हतें त्याला चित्र दिलें. आणि दोघांनाही एकाच कथेपाशीं आणून उभें केलें.

युरोपांत हेंच काम मोराव्हियन पंथाचे बिशप व थोर शिक्षक कोमेनियस ह्यांनीं शाळेसाठीं केलें. त्यांचें ‘ऑर्बिस पिक्टस’ नांवाचें पुस्तक इ. स. १६५८ मध्यें न्युरेंबर्ग येथें प्रसिद्ध झालें. त्यांत प्रत्येक पाठास एक चित्र आहे, चित्रांतील प्रत्येक वस्तूस आंकडा घातला आहे, आणि तोच आंकडा पाठांतील त्या वस्तूच्या शब्दास दिला आहे. मूल चित्र पाहतें, आंकडा शोधतें, आणि शोधतां शोधतां शब्दापर्यंत पोंचतें. चित्र मुलास आपल्यापाशीं थांबवून ठेवीत नाहीं, पुढें पाठवितें. भित्तिपत्रकाचें सारें मर्म ह्या एका गोष्टींत आहे.

हें मर्म सुटलें तर काय होतें त्याचेंही उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच आहे. राजा रविवर्मा ह्यांनीं १८९४ सालीं मुंबईंत शिळाछापखाना काढला. पुढें तो लोणावळ्याजवळ मळवली येथें गेला. त्या छापखान्यानें देवादिकांचीं व पुराणांतील नायिकांचीं चित्रें गरिबाच्या घरापर्यंत पोंचविलीं. हें उपकार मोठेच होत. हंसाशीं बोलणारी दमयंती किती घरांच्या भिंतींवर लागली असेल! परंतु त्या घरांपैकीं किती घरांत रघुनाथपंडिताचें ‘नलदमयंतीस्वयंवराख्यान’ उघडलें गेलें? चितारास दोष देण्याचें कारण नाहीं. त्याचें काम त्यानें उत्तम केलें. पण त्या चित्राखालीं ग्रंथाचा पत्ता नव्हता. पाहणारा दमयंतीपाशीं थांबला आणि समाधान पावला.

ह्याच्या उलट सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळच्या पिंगुळी गांवची चित्रकथी पहा. तेथील ठाकर समाजाचे कलावंत एका कथेचीं चित्रें एकत्र ठेवून त्या संचास पोथी म्हणतात, आणि एकेक चित्र पुढें धरून रामायण-महाभारतांतील कथा गाऊन सांगतात. चित्र एकटें कधींच येत नाहीं. त्याच्या पाठीशीं शब्द असतो. ही परंपरा जपणारे परशुराम गंगावणे ह्यांना २०२१ सालीं पद्मश्री देऊन सरकारनें गौरविलें. तसेंच सातारा जिल्ह्यांत पांचगणीजवळ भिलार गांवीं ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचें गांव’ उभें राहिलें आहे. तेथें घरांच्या भिंती चितारांनीं रंगविल्या आणि त्या घरांतच पुस्तकें ठेवलीं. चित्र बाहेर, पुस्तक आंत, आणि मध्यें फक्त उंबरठा.

परदेशांतही हा प्रयोग झाला आहे. अमेरिकेंत १९१९ सालीं मुलांच्या पुस्तकांचा सप्ताह सुरू झाला, तेव्हां जेसी विलकॉक्स स्मिथ ह्या चित्रकर्तीनें त्यासाठीं भित्तिपत्रक काढलें. पुढें मोठ्या मंदीच्या काळांत त्या सरकारनें बेकार चित्रकारांना काम दिलें. १९३६ ते १९४३ ह्या वर्षांत त्यांनीं आरोग्य, नाटकें, प्रवास, वाचनालयें अशा अनेक विषयांवर भित्तिपत्रकें काढलीं. त्यांपैकीं नऊशेंहून अधिक आज अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयांत जपून ठेवलेलीं आहेत. त्यांतून शिकण्यासारखें हें कीं, रंग थोडे, आकार मोठे, शब्द मोजके. रेशमी जाळीवरून रंग दाबून छापण्याची त्यांची रीत होती, म्हणून बारीक नक्षी त्यांना परवडतच नव्हती. आणि त्या अडचणीनेंच तीं चित्रें दुरून वाचतां येण्याजोगीं झालीं.

आतां आपल्या शाळेपुरतें बोलूं. विद्यार्थ्यांनीं भित्तिपत्रक काढतांना पुढील नियम पाळावेत असें मला वाटतें.

पहिला नियम, ग्रंथ पुरा वाचल्यावांचून कुंचला हातीं घेऊं नये. नुसत्या नांवावरून काढलेलें चित्र फसतें. ‘स्त्रीपुरुष तुलना’ ह्या पुस्तकाचें नांव ऐकून दहांपैकीं नऊ मुलें तराजू काढतील. तें पुस्तक आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनीं लिहिलें आणि १८८२ सालीं पुण्यास छापलें गेलें. सुरतेच्या एका विधवेवर १८८१ सालीं खटला झाला; त्यावरून वृत्तपत्रांनीं सगळ्या स्त्रीजातीचीच निंदा आरंभिली; त्या निंदेस हें उत्तर आहे. ज्यानें तें वाचलें तो तराजू काढणार नाहीं. तो एक पसरलेलें वर्तमानपत्र काढील, त्यावर बांगड्या ल्यालेला एक हात व टांक काढील, आणि खालीं एवढेंच लिहील : ‘बुलढाण्याच्या एका स्त्रीनें १८८२ सालीं उत्तर लिहिलें. कोणाला?’ तराजू पाहून कोणी थांबत नाहीं. हा प्रश्न वाचून आमच्या गांवची मुलगी खास थांबेल.

दुसरा नियम, चित्रानें प्रश्न उभा करावा, उत्तर सांगूं नये. ग्रंथाचा शेवट चित्रांत काढणें म्हणजे वाचकाचा घांस आपणच खाणें होय. लक्ष्मीबाई टिळक ह्यांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून १९३६ पर्यंत चार भागांत प्रसिद्ध झालीं. त्यांतील वडिलांच्या सोंवळ्याची हकीकत वाचून कोणास हसूं आवरत नाहीं, आणि हसतां हसतां डोळेही भरून येतात. मुलांनीं पाण्याचें एक मोठें पातेलें आणि त्यांत धुण्यासाठीं टाकलेला बाजारचा जिन्नस काढावा, व ‘हें काय चाललें आहे?’ असें विचारावें. लक्ष्मीबाईंचा पुढील सारा जीवनप्रवास त्या पातेल्यांत कोंबण्याचें कारण नाहीं. पातेल्यापर्यंत आलेला वाचक पुढें आपल्या पायांनीं चालेल.

तिसरा नियम, आपल्या परिसराचा धागा सोडूं नये. मुलांना वाटतें कीं थोर ग्रंथ पुण्या-मुंबईकडे लिहिले जातात. त्यांना सांगावें कीं, मराठींतील आद्य गद्यग्रंथांत गणलेल्या, म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रां’त मेहकर आणि लोणार ह्या आपल्या गांवांचे उल्लेख आहेत. ह्या ग्रंथासाठीं चित्रापेक्षां नकाशा बरा : लोणारचें सरोवर, मेहकर, मधली वाट, आणि त्या वाटेनें गेलेल्या पावलांचे ठसे. कवि ना. घ. देशपांडे हे १९०९ सालीं सिंदखेडराजास जन्मले आणि मेहकरास राहिले. त्यांचा ‘शीळ’ हा संग्रह १९५४ सालचा, आणि ‘खूणगाठी’स १९८६ सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. कवितेचें चित्र काढतांना मात्र पुष्कळ जागा कोरी सोडावी. ती जागा वाचणाऱ्याची आहे. आणि ज्यांच्या घरीं वऱ्हाडी बोलतात, पण शाळेंत ती बोलतांना जे लाजतात, त्यांनीं उद्धव शेळके ह्यांची १९६० सालची ‘धग’ कादंबरी हातीं घ्यावी. तिच्यांतील माणसें वऱ्हाडींत बोलतात. कौतिकचा संसार वाचल्यावर आपल्या आईची भाषा ही ग्रंथाची भाषा होऊं शकते हें मुलास कोणी निराळें सांगावें लागणार नाहीं.

चौथा नियम अक्षरांचा. पुष्कळ मुलें अक्षरांस इतकीं वेलबुट्टीनें सजवितात कीं तीं वाचतांच येत नाहींत. शिरोरेषा सरळ असावी, काना-मात्रा ठसठशीत असाव्यात, दोन शब्दांत अंतर असावें, आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोंकाहून वाचून पहावें. रंग तीन पुरेत. महागडा कागद नको; जुन्या दिनदर्शिकेची कोरी पाठ, गेरू, नीळ आणि काजळ ह्यांवर उत्तम काम होतें. गरीब घरच्या मुलाचें भित्तिपत्रक श्रीमंत घरच्या मुलाच्या भित्तिपत्रकापुढें फिकें पडूं नये, हीही शाळेची जबाबदारी आहे.

पांचवा नियम सर्वांत महत्त्वाचा, आणि तो विद्यार्थ्यांपेक्षां आम्हां शिक्षकांसाठीं आहे. प्रत्येक भित्तिपत्रकाच्या तळाशीं ग्रंथाचें नांव, लेखकाचें नांव, आणि तो कोणत्या कपाटांत, कितव्या खणांत व कोणत्या वेळीं मिळेल हें लिहावें. ग्रंथ मिळत नसेल तर भित्तिपत्रक त्याच दिवशीं उतरवावें. वाढणारा नसतांना पंगतीस पानें मांडून ठेवणें हा पाहुण्यांचा अपमान आहे. मूल एकदां मोठ्या उत्सुकतेनें कपाटापर्यंत आलें आणि कुलूप पाहून परत गेलें, तर तें पुन्हां येईल याची खात्री नाहीं. पुस्तक फाटेल, हरवेल ही भीति मी जाणतों. परंतु वाचून फाटलेलें पुस्तक हें वाळवीनें खाल्लेल्या पुस्तकाहून सहस्रपटीनें धन्य होय.

ह्या विचाराविरुद्ध तीन आक्षेप घेतले जातात. त्यांचा विचार केला पाहिजे.

कोणी म्हणतात, चित्रामुळें कल्पनाशक्ति बांधली जाते; एकदां नायिकेचा चेहरा पाहिला कीं वाचतांना दुसरा चेहरा डोळ्यांपुढें येतच नाहीं. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच शक्यतों चेहरे काढूं नयेत असें मी सुचवितों. हात काढावा, चूल काढावी, वाट काढावी, दार काढावें. चेहरा वाचकाच्या मनांत उमटूं द्यावा. शिवाय एकाच ग्रंथाचीं तीन मुलांनीं काढलेलीं तीन भित्तिपत्रकें शेजारीं शेजारीं लावलीं, तर प्रत्येकानें तो ग्रंथ निराळा वाचला हें पाहणारास आपोआप कळतें.

दुसरे म्हणतात, हा वेळेचा अपव्यय आहे. दहावीची परीक्षा डोक्यावर असतांना रंग कालवीत बसावें काय? पालकांचा हा प्रश्न मी हलक्यानें घेत नाहीं. शेतीच्या तुटपुंज्या उत्पन्नांतून मुलांना शिकविणाऱ्या आईबापांना असा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. परंतु शंभर पानांचें सार एका चित्रांत आणि एका वाक्यांत मांडणें ही बुद्धीची सोपी कसरत नव्हे. काय ठेवावें आणि काय गाळावें हें ठरवितांना मूल जो विचार करतें, तोच विचार त्याला उत्तरपत्रिकेंत निबंध लिहितांना करावा लागतो.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. आतां संगणकास किंवा मोबाईलास आज्ञा केली कीं क्षणांत हवें तें चित्र मिळतें. मग मुलांनीं वेडेंवांकडें काढीत कां बसावें? ह्याचें उत्तर असें कीं, सुंदर चित्र हा आपला हेतु नव्हेच. यंत्रानें चित्र दिलें म्हणजे मुलानें ग्रंथ वाचला असें होत नाहीं. हाताचें वांकडें चित्र मुलाच्या वाचनाची साक्ष देतें, आणि शेजारच्या बांकावरील मित्रास तें सांगतें कीं, ‘मी हें वाचलें, तुलाही जमेल.’ एका विद्यार्थ्यानें दुसऱ्यास दिलेल्या ह्या साक्षीचें वजन आमच्या दहा भाषणांहून अधिक असतें.

पालकजनहो, आतां थोडें आपल्याशीं. आपणांपैकीं कित्येकांना शाळेंत फार काळ बसण्याची संधि मिळाली नसेल. म्हणून हें काम आपलें नव्हे असें समजूं नका. अजिंठ्याच्या चितारानें न वाचणाऱ्यासही भिंतीपाशीं बोलाविलें होतें. शाळेनें हीं भित्तिपत्रकें वर्षांतून कांहीं दिवस आठवड्याच्या बाजारांत, एस. टी. स्थानकावर, ग्रामपंचायतीच्या ओसरीवर लावावींत. आपण तीं पहावींत, आणि सायंकाळीं मुलास विचारावें, ‘त्या पातेल्यांत काय होतें रे?’, ‘त्या बाईनें उत्तर कोणाला दिलें ग?’ मूल सांगूं लागेल. न सांगतां आलें तर पुस्तक आणून मोठ्यानें वाचील. मोबाईल बाजूस ठेवून अर्धा तास तें वाचन ऐकलें, तर ज्या घरांत पूर्वीं एकही ग्रंथ आला नव्हता त्या घरांत एकाच वेळीं दोन वाचक तयार होतील, एक डोळ्यांनीं वाचणारा आणि एक कानांनीं.

शेवटीं एक व्यवहाराची सूचना करतों. ह्या सर्व खटाटोपाचा उपयोग झाला कीं नाहीं हें टाळ्यांवरून ठरवूं नये, ग्रंथपालाच्या देवघेवीच्या वहीवरून ठरवावें. भित्तिपत्रक लावण्यापूर्वींच्या तीन महिन्यांत तो ग्रंथ किती वेळां बाहेर गेला, आणि लावल्यानंतरच्या तीन महिन्यांत किती वेळां गेला, हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं लिहावेत. आंकडा वाढला नाहीं, तर दुसरें चित्र काढावें. तरीही वाढला नाहीं, तर कपाट उघडण्याची वेळ बदलून पहावी. आणि शाळेच्या पुढील वार्षिक अंकांत भित्तिपत्रकांचीं छायाचित्रें छापण्याआधीं ते आंकडे छापावेत, अशी माझी संपादकांस विनंति आहे.